छापखान्यातले शब्द: सुरुवात कागदापासून करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सिन्नरहून रोज नाशिकला येऊन एका डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर छपाईची मांडणी करून देणाऱ्या, दुकानात काम शिकणाऱ्या एका ताईंना डिझाइनसाठीचं कोरल येतं, फोटोशॉप येतं, मराठी टायपिंगही झपाझप होतं. पण फाइल घेऊन छापखान्यात गेल्या की ‘ब्लीड कुठंय?’, ‘हे तर आरजीबी आहे’, ‘कर्व्ह करून आणा’, ‘फोटो तीनशेचा नाही’ असं काहीतरी ऐकून परत यावं लागतं. हे शब्द कुणीतरी एकदा नीट समजावून सांगावेत, अशी त्यांची विनंती आहे.

ताई, हे शब्द तुम्हाला संगणकाचे वाटतात, म्हणून अवघड जातात. खरं तर ते कागदाचे, शाईचे आणि कटिंग मशीनच्या पात्याचे शब्द आहेत. पडद्यावर काहीही चालतं. पान हवं तेवढं मोठं करून बघता येतं, रंग आतून उजळलेले असतात, कडेला चिकटवलेली अक्षरंही छान दिसतात. कागदाला माप असतं, जाडी असते, तो शाई पितो आणि शेवटी कापला जातो. म्हणून काम हातात आलं की कोरल उघडायच्या आधी तीन प्रश्न विचारायची सवय लावा. कापून झाल्यावर माप किती राहणार? कोणत्या मशीनवर छापणार? कागद कोणता? नवीन मुलांना मी याच क्रमाने शिकवतो, कारण बाकीचे बहुतेक शब्द या तीन उत्तरांतूनच निघतात.

माप आधी. ए-फोर म्हणजे २१० गुणिले २९७ मिलिमीटर. ए मालिकेतला कोणताही कागद मधोमध दुमडला की पुढचं लहान माप मिळतं आणि लांबी-रुंदीचं प्रमाण तेच राहतं. त्यामुळे ए-फोरवर केलेलं पत्रक ए-फाइव्हला लहान करताना काही ताणावं-दाबावं लागत नाही. सगळ्यात मोठा ए-झीरो हा एक चौरस मीटर भरतो आणि त्यातून सोळा ए-फोर निघतात. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. यावरून हिशोब करून बघा, ८० जीएसएमचा एक ए-फोर कागद बरोबर ५ ग्रॅमचा असतो. झेरॉक्सचा कागद ७०-८० जीएसएमचा, व्हिजिटिंग कार्ड साधारण ३०० चं. पुस्तकवाल्यांची मापं मात्र वेगळी. मराठी कादंबरी किंवा कवितासंग्रह बहुतेक वेळा डेमी एक-अष्टमांशमध्ये असतो, म्हणजे जवळजवळ साडेपाच गुणिले साडेआठ इंच. पुस्तक फर्म्याने छापलं जातं. मोठ्या कागदाच्या दोन्ही बाजूंना मिळून आठ किंवा सोळा पानं छापून तो दुमडला की एक फर्मा झाला. म्हणून स्मरणिकेची पानं ४५ झाली असं सांगितलं की छापखानेवाला कपाळाला हात लावतो. सेंटर पिनच्या, म्हणजे मधल्या घडीवर पिना मारलेल्या, अंकाला पानं चारच्या पटीत लागतात. ४४ करा किंवा ४८.

आता मशीन. लेझर प्रिंटर टोनरची पूड तापवून कागदावर बसवतो, इंकजेट शाईचे बारीक थेंब उडवतो. डिजिटल प्रेस ही लेझरचीच मोठी बहीण, शे-दोनशे कार्डांना चांगली. ऑफसेट म्हणजे प्लेटवरून शाई कागदावर उतरवणारी छपाई. तिला प्रत्येक रंगाची वेगळी प्लेट बनवावी लागते. तो खर्च एकदाच होतो, त्यामुळे प्रती वाढल्या की एका प्रतीचा भाव खाली येतो. पत्रिकेवर सोनेरी किंवा जाड शाई हवी असेल तर स्क्रीन प्रिंटिंग. आपल्याकडे आणखी एक काम हमखास येतं, ते म्हणजे द्राक्षाच्या पेट्या. पन्हळी पुठ्ठ्याच्या पेटीवर रबराच्या किंवा पॉलिमरच्या लवचिक प्लेटने थेट छपाई होते, तिला फ्लेक्सो म्हणतात. तिथे केसासारख्या रेघा आणि ७ पॉइंटचा, म्हणजे अगदी बारीक अक्षरातला, पत्ता टिकत नाही, शाई पसरून सगळं बुजतं. पेटीचं डिझाइन करताना अक्षर ठसठशीत ठेवा आणि रंग एक-दोनच घ्या. ऑफसेटवर सुरेख दिसलेली फाइल जशीच्या तशी पेटीवाल्याला पाठवू नका.

ब्लीडचं उत्तर पात्यात आहे. कार्डं एकेक करून कापत नाहीत, गठ्ठा रचून वरून पातं येतं. गठ्ठ्यातला कागद अर्धा-एक मिलिमीटर इकडेतिकडे सरकणारच. तुमचा भगवा पट्टा कार्डाच्या नेमक्या कडेला संपत असेल, तर काही कार्डांवर पांढरी चीर दिसेल. म्हणून कडेपर्यंत जाणारा प्रत्येक रंग आणि फोटो कापायच्या रेषेच्या बाहेर ३ मिलिमीटर वाढवायचा. तेच ब्लीड. जिथे कापायचं ती ट्रिम, आणि तिची जागा दाखवणाऱ्या कोपऱ्यातल्या बारीक रेघा म्हणजे क्रॉप मार्क. कार्ड ९० गुणिले ५४ मिलिमीटरचं असेल, तर फाइलमधला रंग ९६ गुणिले ६० पर्यंत पोहोचला पाहिजे. याच्या उलट काळजी आतल्या बाजूला घ्यायची. नाव, फोन नंबर, देवाचं चित्र कापायच्या रेषेपासून किमान ४-५ मिलिमीटर आत ठेवा. लग्नपत्रिकेवरच्या गणपतीचा मुकुट पात्याखाली गेला, तर यजमान आयुष्यभर विसरत नाहीत.

इथपर्यंत सोपं आहे. आता अक्षरांकडे येऊ. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण मराठी छपाई जी बिघडते ती इथे बिघडते.

अक्षराचं माप पॉइंटमध्ये. संगणकावर १ इंच म्हणजे ७२ पॉइंट, आणि १२ पॉइंटचा १ पायका. पण १२ पॉइंट म्हणजे ‘क’ची उंची १२ पॉइंट असं समजू नका. शिशाच्या खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या, काळात हे माप ज्या ठोकळ्यावर अक्षर उभं असे त्या ठोकळ्याचं होतं. अक्षर त्यात किती जागा व्यापतं, ते कोरणारा कारागीर ठरवी. आजही फॉन्टभोवती तसाच न दिसणारा चौकोन असतो. म्हणून एका फॉन्टचं १२ पॉइंट आणि दुसऱ्याचं १२ पॉइंट शेजारी ठेवले तर एक मोठं आणि एक बारीक दिसू शकतं. ग्राहक ‘बारा साइझ ठेवा’ म्हणाला, तरी छापून दाखवल्याशिवाय होकार घेऊ नका.

दोन ओळींमधलं अंतर म्हणजे लीडिंग. एका ओळीच्या तळरेषेपासून पुढच्या ओळीच्या तळरेषेपर्यंत ते मोजतात. सॉफ्टवेअर आपोआप जे अंतर देतं ते बहुधा अक्षराच्या १२० टक्के असतं, म्हणजे १० पॉइंटला १२. हे रोमन लिपीसाठी ठरलेलं आहे. आपल्या लिपीत शिरोरेषेच्या वर एक मजला आहे आणि अक्षराच्या खाली एक. वरच्या ओळीत ‘शत्रू’ आला आणि त्याच्या बरोबर खाली ‘कीर्तींचा’ आला, तर ऊकार, वेलांटी, रफार आणि अनुस्वार एकमेकांत घुसतात. मराठी मजकुराला १४० ते १५० टक्के अंतर द्या. १२ पॉइंटला १७-१८. पानं वाढतील म्हणून कुणी ते कमी करायला सांगितलं, तर अक्षर अर्धा पॉइंट लहान करा, पण ओळींना श्वास घेऊ द्या. म्हाताऱ्या माणसांसाठी छापलेली पोथी किंवा आरतीसंग्रह असेल, तर याबाबत अजिबात तडजोड करू नका.

अक्षरांमधलं अंतर हा दुसरा धोका. दोन विशिष्ट अक्षरांच्या जोडीतलं अंतर नीट करणं म्हणजे कर्निंग, आणि सगळ्या मजकुराचं अंतर एकसारखं वाढवणं-घटवणं म्हणजे ट्रॅकिंग. इंग्रजी मथळे ट्रॅकिंग वाढवून रुबाबदार दिसतात. मराठीत तेच केलं की शिरोरेषा तुटते आणि प्रत्येक अक्षर सुटं पडतं. हे चुकून कसं होतं ते लक्षात घ्या. अरुंद कॉलममध्ये मजकूर दोन्ही कडांना जुळवला, म्हणजे जस्टिफाय केला, की ओळ भरण्यासाठी काही सॉफ्टवेअर शब्दांसोबत अक्षरांमध्येही जागा घालतं. सेटिंगमध्ये अक्षरांची जागा शून्यावर आणा आणि फक्त शब्दांमधली जागा ताणू द्या. तरीही मोठ्या फटी दिसल्या तर कॉलम रुंद करा किंवा मजकूर फक्त डावीकडे जुळवा.

बोल्ड आणि इटालिकबद्दलही सांगतो. चांगल्या फॉन्टच्या कुटुंबात जाड अक्षर वेगळं काढलेलं असतं. ते नसेल तर सॉफ्टवेअर साध्या अक्षरालाच कडेने फुगवतं आणि ‘ध’, ‘भ’, ‘क्ष’ यांच्या पोटातली पोकळी बुजते. तिरपं अक्षर तर देवनागरीच्या परंपरेतलं नाही. जोर द्यायचा असेल तर जाड अक्षर घ्या.

आता युनिकोड, म्हणजे संगणकात अक्षरं साठवायची जगभरची एकच पद्धत. छापखान्यात फाइल उघडल्यावर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची भेळ दिसते, त्याचं कारण इथे आहे. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टनी खिळे ठेवायच्या खणांच्या पेटीचीच युक्ती वापरली होती. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्यात असो की नंतर नाशिकच्या एखाद्या बोळातल्या छापखान्यात, खिळाजुळारी अक्षर, काना, मात्रा, अर्धं अक्षर असे तुकडे उचलून शब्द जुळवी. श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा जुन्या प्रणालींच्या फॉन्टमध्ये हेच तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेले असतात. फाइलमध्ये खरं साठवलेलं असतं ते इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह. मराठी दिसतं ते फक्त त्या फॉन्टमुळे. फॉन्ट काढून घ्या, खालचं उघडं पडतं. आणि प्रत्येक कंपनीने तुकडे आपापल्या जागी ठेवल्यामुळे एकीचा मजकूर दुसरीच्या फॉन्टमध्येही वाचता येत नाही.

युनिकोडमध्ये प्रत्येक वर्णाला जगभर एकच क्रमांक आहे. फॉन्ट बदला, ‘क’ हा ‘क’च राहतो. जोडाक्षर तिथे तुकडा म्हणून साठवत नाहीत. ‘त्र’ म्हणजे त, हलन्त आणि र असे तीन क्रमांक, आणि त्यांचं एक रूप दाखवायचं काम फॉन्ट आणि सॉफ्टवेअर मिळून करतात. यातलं सॉफ्टवेअर जुनं असेल तर जोडणी होत नाही. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न लागता नंतर जाऊन बसते, हलन्त उघडे पडतात. पानं मांडायच्या पेजमेकर या जुन्या सॉफ्टवेअरची शेवटची मोठी आवृत्ती, ७.०, ही २००१ ची. तिच्याकडून युनिकोड मराठीची अपेक्षा करू नका. पानं मांडायच्याच इनडिझाइनमध्ये परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा, मग जोडाक्षरं नीट जुळतात. बऱ्याच छापखान्यांत अजून जुनी प्रणालीच चालते आणि ग्राहक मात्र मोबाइलवर टाइप केलेला युनिकोड मजकूर पाठवतो. अशा वेळी कन्व्हर्टर, म्हणजे युनिकोड मजकूर जुन्या प्रणालीत बदलून देणारं सॉफ्टवेअर, वापरावा लागतो. कन्व्हर्ट केल्यावर मजकूर पहिल्यापासून पुन्हा वाचा. ऱ्य, ऱ्ह, ॲ, ऑ, अवतरणचिन्हं आणि आकडे या जागा विशेष बघा. ‘आचाऱ्यांना’ बोलावलं होतं आणि पत्रिकेवर ‘आचार्यांना’ छापलं, एवढा फरक ‘ऱ्य’मधला तो कोयत्यासारखा अर्धा ‘र’ करतो.

फॉन्ट निवडताना तो मराठीसाठी आहे की हिंदीसाठी हेही बघा. लिपी एक असली तरी मराठीत पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ ही आपली रूपं आहेत. शासनाने २००९ मध्ये प्रमाण वर्णमाला ठरवली तेव्हा हीच रूपं स्वीकारली. कितीतरी फॉन्ट आधी हिंदीची रूपं दाखवतात आणि भाषा मराठी निवडली तरच आपली. टिरो देवनागरी मराठी हा फुकट मिळणारा फॉन्ट सुरुवातीपासूनच मराठीसाठी बेतलेला आहे. त्यात बोरूच्या फटकाऱ्यासारखा जाड-बारीकपणा आहे, त्यामुळे पुस्तकाला तो शोभतो. एकसारख्या जाडीचं, साधं वळण हवं असेल तर मुक्ता घ्या, त्यात बारीक ते ठळक अशी वजनंही बरीच आहेत. विंडोजसोबत येणारा मंगल हा र. कृ. जोशींसारख्या मोठ्या अक्षरकाराने केलेला, पडद्यावर वाचण्यासाठी उत्तम. पण अख्खं पुस्तक मंगलमध्ये छापू नका, कागदाला वेगळं अक्षर लागतं.

‘कर्व्ह करून आणा’ म्हणजे अक्षरांचं चित्रात रूपांतर करा. मग छापखान्यात तो फॉन्ट असण्याची गरज उरत नाही. पण कर्व्ह झाल्यावर ती अक्षरं राहत नाहीत, नुसत्या आकृत्या होतात आणि एक वेलांटीसुद्धा सुधारता येत नाही. म्हणून मुद्रितशोधन पूर्ण झाल्यावरच कर्व्ह करा, आणि आधीची फाइल वेगळ्या नावाने जपून ठेवा. पुस्तकासारख्या लांब मजकुराला कर्व्हपेक्षा फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ चांगली.

फोटोकडे वळू. डिजिटल फोटो म्हणजे ठिपक्यांची जाळी, एकेक ठिपका म्हणजे पिक्सेल. एका इंचात किती पिक्सेल छापणार, तो आकडा रेझोल्यूशन. ऑफसेटला ३०० लागतात. गणित साधं आहे. फोटो १२०० पिक्सेल रुंद असेल तर १२०० भागिले ३००, म्हणजे ४ इंच. त्यापेक्षा मोठा छापला की फुटणार. ए-फोर पानभर फोटो हवा असेल तर २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल पाहिजेत. फोटोशॉपमध्ये ७२ पुसून ३०० लिहिलं की फोटो सुधारतो, असा समज आपल्या धंद्यात फार पसरलेला आहे. पिक्सेल तेवढेच ठेवले तर फोटोचं माप लहान होतं, आणि माप तेवढंच ठेवलं तर सॉफ्टवेअर मधले पिक्सेल अंदाजाने भरतं. जो तपशील कॅमेऱ्याने टिपलाच नाही तो त्यातून येत नाही. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं की पिक्सेल कमी होतात. ग्राहकाला तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. चौकातल्या फ्लेक्सला मात्र इतकं लागत नाही, तो लांबून बघायचा असतो.

हे ३०० आले कुठून? ऑफसेटला फिका रंग छापता येत नाही. शाई एक तर लागते किंवा लागत नाही. फिकेपणा दाखवायला ती लहान-मोठ्या ठिपक्यांत मोडतात, त्याला हाफटोन म्हणतात, आणि एका इंचात ठिपक्यांच्या जितक्या ओळी तितका एलपीआय. गुळगुळीत आर्ट पेपरवर १५० च्या आसपास, वर्तमानपत्राच्या कागदावर १०० च्या आसपास. फोटोचे पिक्सेल या ओळींच्या दुप्पट ठेवतात, म्हणून ३००. एक भिंग घ्या आणि वर्तमानपत्रातला फोटो त्याखाली बघा, ठिपके स्पष्ट दिसतील. मग १०० किंवा ५०० ची नोट बघा. गांधीजींच्या चित्रात ठिपके नाहीत, कोरलेल्या रेघा आहेत, आणि बोट फिरवलं तर शाई उंचावलेली जाणवते. ही इंटाग्लिओ छपाई, धातूच्या पत्र्यात कोरलेल्या खाचांतून शाई उचलणारी. त्याच नोटेवर ‘भारत’ हा शब्द नुसत्या डोळ्यांना न वाचता येण्याइतका बारीक आहे, तोही शोधा. १९२८ पासून या देशाच्या नोटा आपल्या नाशिकरोडला छापल्या जातात. बारीक छपाईचा नमुना बघायला आपल्याला खिशाच्या पलीकडे जावं लागत नाही.

रंगांचं. पडदा लाल, हिरवा, निळा असा प्रकाश मिसळून रंग दाखवतो, ते आरजीबी. कागदावर सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी अशा चार शाया पडतात, ते सीएमवायके. प्रकाशात जमणारे कितीतरी झगझगीत रंग शाईत येतच नाहीत, विशेषतः पोपटी आणि गडद निळा. सुरुवातीपासून सीएमवायकेमध्ये काम करा, म्हणजे ग्राहकाला खोटा रंग दाखवला जाणार नाही. निळ्या रंगात सायन आणि मॅजेंटा जवळजवळ सारखे झाले की छापून जांभळं येतं. मॅजेंटा सायनपेक्षा ३० टक्के तरी कमी ठेवा. रंगीत छपाईच्या वेडाची परंपरा या मातीला आहे बरं. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी छपाईच्याच धंद्यात होते, आणि त्यातलं शिकायला, यंत्रं आणायला जर्मनीपर्यंत गेले होते.

एक गोष्ट मात्र रोज तपासा, ती म्हणजे काळी अक्षरं. आरजीबीतला काळा सीएमवायकेमध्ये बदलला की फोटोशॉपच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये तो सायन ७५, मॅजेंटा ६८, पिवळा ६७, काळा ९० असा होतो. म्हणजे बारीक मजकूर चार प्लेटांवर विभागला जातो. मशीनवर एक प्लेट केसभर सरकली तरी प्रत्येक अक्षराला गुलाबी-निळी सावली येते. रजिस्ट्रेशन गेलं म्हणतात ते हेच. मजकुराचा काळा म्हणजे फक्त काळी शाई १०० टक्के, बाकी तिन्ही शून्य. मोठा काळा पट्टा असेल तर त्यात ४० टक्के सायन मिसळा, नाहीतर तो राखाडी वाटतो. आणि गडद फोटोवर पांढरी बारीक मराठी अक्षरं टाळा. चारही शाया बाजूने आत सरकतात आणि मात्रा गिळतात.

छापखान्यात जाताना पीडीएफ न्या, फॉन्ट आत बसवलेले, ब्लीड आणि क्रॉप मार्क धरून. शेवटच्या प्रूफवर, म्हणजे तपासणीसाठी छापलेल्या प्रतीवर, ग्राहकाची सही आणि तारीख घ्या, मोबाइलवरच्या ‘ओके’वर प्लेट काढू देऊ नका. नावं, तारखा, तिथी आणि फोन नंबर ग्राहकाकडून मोठ्याने वाचून घ्या.

दुकानात रिकामा वेळ मिळाला की एक काम करून ठेवा. तुम्ही नेहमी वापरता ते पाच-सहा फॉन्ट निवडा. ‘कीर्ती’, ‘शत्रू’, ‘दऱ्या’, ‘सृष्टी’, ‘लक्ष्मी’ असे शब्द असलेला एक छोटा परिच्छेद लिहा आणि तो प्रत्येक फॉन्टमध्ये ९, १०, ११, १२ आणि १४ पॉइंटला, दीडपट लीडिंग देऊन, लेझरवर छापा. प्रत्येक नमुन्याखाली फॉन्टचं नाव आणि माप लिहा. शेजारी मिलिमीटरची पट्टी, भिंग आणि ७०, १००, १७० व ३०० जीएसएमच्या कागदाचे तुकडे ठेवा. ग्राहक आला की आधी हे त्याच्या हातात द्या.